मुक्काम शून्य, पेट्रोल जास्त

फेब्रुवारी २०१९ मध्ये मी एका मेमोवर सही केली. मजकूर चार ओळींचा होता. जत तालुक्याच्या कार्यकर्त्याने नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत मर्यादेपेक्षा १,२४६ किलोमीटर जादा मोटारसायकल चालवली, गावमुक्कामाची अट पाळली नाही, सबब साडेतीन रुपये दराने होणारे ४,३६१ रुपये तीन हप्त्यांत पगारातून वळते करण्यात येतील. खाली त्यानं लिहून दिलं, ‘यापुढे काळजी घेईन.’ मी फाइल कपाटात ठेवली आणि दुसऱ्या कामाला लागले. दुष्काळाचं वर्ष होतं, कामं पुष्कळ होती.

हे प्रकरण त्या मेमोचं आहे. संस्थेचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. आमच्याकडे क्षेत्रावरच्या माणसाला तालुक्याच्या नावानं हाक मारायची सवय होती. ‘जत आलं का?’, ‘महांकाळचा रिपोर्ट कुठाय?’ असं चालायचं. इथंही तेच वापरते. जतनं हा मजकूर आधी वाचला आहे आणि दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. माझ्याबद्दल एवढंच, की माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागायतदार मराठा घर. मेमोच्या वेळी संस्थेत बारा वर्षं झाली होती आणि क्षेत्रावरची सगळी बिलं माझ्या सहीनं पास व्हायची.

रजिस्टर

संस्था मध्यम आकाराची. सांगलीत विश्रामबागेत एका बंगल्याच्या तळमजल्यावर ऑफिस. एकतीस माणसं, त्यातली अकरा क्षेत्रावर. मुख्य काम बायकांच्या बचत गटांचं, तेही जत, कवठेमहांकाळ, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली (धोक्याची पातळी ४५ फूट), त्यानंतर पलूस-मिरजेकडची पूरग्रस्त गावंही आमच्याकडे आली.

पूर्व जतेत गटाची बैठक रात्रीच होते. बाई दिवसभर रोजगाराला गेलेली असते. भाकरी थापून, पोरं जेवू घालून नऊला येते, साडेदहाला उठते. म्हणून संस्थेचा नियम होता, प्रत्येक कार्यकर्त्याचे महिन्याला किमान दहा मुक्काम गावात झाले पाहिजेत. मुक्कामाचे दीडशे रुपये मिळत. राहायचं कुठं, ते ज्यानं त्यानं गावात बघायचं. नियमामागं आमच्या संस्थापक-विश्वस्तांची श्रद्धा होती. ते लहानपणी बोर्डिंगात वाढलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केलं, जिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, त्या परंपरेचा त्यांना रास्त अभिमान. गावात झोपल्याशिवाय गाव कळत नाही, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. मलाही ते मनापासून पटलेलं होतं. आजही निम्मं पटतं.

मुक्कामाला मार्कही होते. वार्षिक मूल्यमापन शंभर मार्कांचं, त्यातले वीस ‘गावाशी एकरूपता’ या रकान्याचे. महांकाळला दर वर्षी अठरा-एकोणीस पडत. तो कधी सरपंचाच्या घरी, कधी सोसायटीच्या चेअरमनच्या सोप्यात झोपायचा. गावातल्या लग्नाची पत्रिका त्याला घरच्यासारखी यायची. जतला सहा, सात, सहा. हे मार्क मीच दिले. २०१८ च्या फॉर्मवर शेरा माझ्याच अक्षरात आहे: ‘काम उत्तम, कन्नडही शिकला, परंतु गावात मिसळत नाही.’

पूर्व जतेतल्या निम्म्या बायकांना मराठीपेक्षा कन्नड जवळची. आमच्या अकरांत कन्नड शिकलेला तो एकटा. तरी मिसळत नाही असं मी लिहिलं, आणि लिहिताना हात अडखळला नाही.

मिनियापोलिसचं पत्र

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात एका गोऱ्या पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला आणि तो माणूस मेला. पुढचे काही आठवडे तिकडची शहरं रस्त्यावर होती. विद्यापीठं, कंपन्या, देणगीदार फाउंडेशनं, जो तो वंशभेदाविरुद्ध निवेदन काढत होता.

आमच्या पैशाचा मोठा भाग अशाच एका अमेरिकन फाउंडेशनचा. थेट नव्हे, पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेमार्फत यायचा. जूनमध्ये त्यांचं पत्र आलं. वांशिक न्यायाबाबत तुमच्या संस्थेची भूमिका काय, आणि तुमच्या समाजात परंपरेनं वंचित ठेवलेल्या गटांचं तुमच्या नेतृत्वात स्थान काय, असे प्रश्न. उत्तर दोन पानांत, पंधरा दिवसांत.

तेव्हा आमची अवस्था कशी होती ते सांगायला हवं. मार्चमध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबातले करोनाचे रुग्ण सापडल्यावर सगळ्या राज्याचं लक्ष सांगली जिल्ह्याकडे लागलं होतं. गटांच्या बैठका बंद, हप्ते थकलेले. एप्रिलपासून सगळ्यांचे पगार सत्तर टक्क्यांवर. अशात हे पत्र. आमच्या संचालिका मॅडम फोनवर म्हणाल्या, ‘तू लिही गं, तुला छान जमतं.’

जमलंही. फुल्यांपासून सुरुवात केली. त्यांचं मूळ गाव आमच्या शेजारचं, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं कटगुण. ‘गुलामगिरी’ त्यांनी १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. मग कोलंबिया विद्यापीठातले बाबासाहेब, त्यांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांना लिहिलेलं पत्र, मग १९७२ ची दलित पँथर, जिनं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. दीडशे वर्षांचा पूल बांधला मी दोन पानांत. वाचून मलाच भरून आलं. ‘सर्वांनी वाचून सूचना कराव्यात. आपल्याकडे काय चाललंय, तेही लिहा,’ असं म्हणून मसुदा ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

तासाभरात अंगठे आले, हात जोडलेले आले. मग जतकडून एक फोटो आला. खाली शब्द नाही.

आधी मी सही ओळखली, मजकूर नंतर.

त्यानंतर ग्रुपवर दोन मेसेज आले आणि वाचायच्या आत पुसले गेले. वीसेक मिनिटं शांतता. मग आटपाडीनं रेशन किट वाटपाचे नऊ फोटो टाकले आणि मेमो वर सरकून गेला.

कुठले?

रात्री मी फोन केला. सुरात थोडा दरारा होता, तो नाकारत नाही. ‘हे काय रे?’

‘ताई, आपल्याकडं काय चाललंय ते लिहा म्हणालात ना. माझ्याकडं तेवढंच एक कागदावर आहे.’

पुढं तासभर तो बोलला. त्याचं आडनाव असं, की त्यावरून जात कळत नाही. जाधव, पवार, मोरे, गायकवाड, साळुंखे ही आडनावं आपल्याकडे मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आणखी चार समाजांत आहेत. नुसतं आडनाव सांगून प्रश्न संपत नाही, तिथून सुरू होतो. ‘कुठले मोरे?’ कराडकडचे. ‘कराडकडचे म्हणजे?’ गाव सांगितलं, की ‘तिथले पाटील आमचे पाव्हणे, तुम्ही कुठल्या भावकीतले?’ बैठक संपल्यावर कुणीतरी प्रेमानं म्हणायचं, ‘आता कुठं जाता रात्रीचं, जेवा, राहा इथंच.’ त्या आग्रहाच्या पाठोपाठ हा प्रश्न यायचाच. तो घड्याळ बघायचा आणि गाडीला किक मारायचा. जतमध्ये त्यानं खोली घेतली होती. लांबच्या गावाहून ४३ किलोमीटर. सकाळी पुन्हा तेवढंच.

मी विचारलं, आणि वाचणाराही विचारेल, की बौद्ध वस्तीत का नाही राहिलास? राहिला होता. दोन गावांत. ‘तिथं एका खोलीत सहा माणसं, त्यात आपण सातवं. ते चालतंय. पण वस्तीत झोपलं की सकाळी गावाला उत्तर मिळतं ना. मग वरच्या आळीच्या बायका पुढच्या बैठकीला येतात, नाही असं नाही. पण सतरंजीवर मधे जागा सुटते.’ परत गेलं, की प्रश्न लोंबकळत राहतो आणि गट चालतो. गट चालवण्यासाठी तो रात्रीचे ४३ किलोमीटर जात होता आणि मी त्याचे पैसे कापत होते.

‘मेमोच्या वेळी का नाही बोललास?’

‘बोललो असतो तर तुम्ही तालुका बदलून दिला असता. आटपाडीच्या आधीच्या कार्यकर्त्याचं काय झालं?’

आठवलं. त्यानं असंच काही सांगितलं होतं. आम्ही सहानुभूतीनं त्याला मिरजेच्या झोपडपट्टीच्या प्रकल्पावर घेतलं, ‘तिथं तुझी ओळख आहे’ म्हणून. वर्षभरात तो सोडून गेला. आम्ही त्याला निरोप समारंभ दिला, शाल-श्रीफळासकट.

अमेरिकेतला वंशभेद आणि आपली जात एकच की वेगळे, यावर विद्वान भांडतात. मला त्यात पडायचं नाही. एक फरक मात्र त्या रात्री लक्षात आला. तिकडे रंग रस्त्याच्या पलीकडूनही दिसतो. इथं विचारावं लागतं, तेही जेवणाचा आग्रह करता करता. त्यामुळे विचारणाऱ्याला आपण काही वाईट केलं असं कधी वाटत नाही, आणि उत्तर टाळणारा ‘मिसळत नाही’.

हिशेबनिसाचा तक्ता

ऑनलाइन बैठक झाली. विश्वस्त म्हणाले, ‘अमेरिकेचं लचांड आपल्याकडे कशाला? आपण कधी जात बघितली नाही.’ खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे कुणाच्या जातीची नोंदच नव्हती. ती नाही याचाच आम्हाला अभिमान होता. (योगायोग असा, की त्याच ३० जूनला कॅलिफोर्निया राज्याच्या खात्यानं सिस्को कंपनीवर जातिभेदाचा आरोप ठेवून दावा लावला. आपलं लचांड तिकडे आधीच पोचलं होतं.) मॅडमचं म्हणणं होतं, ‘मुद्दा बरोबर आहे, पण ही वेळ नाही. आधी संस्था जगू दे.’ मी काय बोलले? काहीच नाही. माझा माइक बंद होता आणि मी तो तसाच राहू दिला.

हललं ते अनपेक्षित बाजूनं. आमचे हिशेबनीस काका म्हणजे नियमावर बोट ठेवणारा माणूस. पेट्रोलचं जादा बिल शोधून माझ्या टेबलावर आणणारे तेच. सगळ्यांना वाटलं, आता ते चिडतील. लॉकडाउनमध्ये पोलिसांचा पास काढून ते ऑफिसात गेले, एप्रिल २०१९ ते मार्च २०२० ची सगळी प्रवास व्हाउचरं काढली आणि एक तक्ता करून मला पाठवला. अकरा कार्यकर्ते. त्यातले चार अनुसूचित जाती आणि भटक्या जमातींतले. सात जणांचे वर्षभरातले मुक्काम मिळून ६१२. उरलेल्या चौघांचे मिळून नऊ. त्या नऊपैकी पाच बौद्ध विहारात, तीन शाळेच्या व्हरांड्यात, एक एसटी स्टँडवर.

‘एसटी स्टँडवर झोपला त्या रात्रीचे दीडशे आपण दिलेच नाहीत,’ काका म्हणाले. ‘घरमालकाची सही नव्हती म्हणून मीच अडवलं.’

(सातांतल्या तीन बाया. त्यांचे मुक्कामही पुरुषांपेक्षा कमी होते. त्याची कारणं निराळी, आणि ते प्रकरण निराळं लिहावं लागेल.)

त्या तक्त्यात भावनेचा एक शब्द नव्हता. माझ्या मसुद्यात फुले, आंबेडकर, डू बॉइस, पँथर सगळे होते, एक व्हाउचर नव्हतं.

वीस मार्क

मग तिघांची समिती झाली: मी, काका आणि जत. त्याला घ्यायचा आग्रह काकांचा. उपाय सुचवायला आम्ही दोघं पुढं होतो. ज्या गावात आपल्या कार्यकर्त्याला रात्री थारा मिळत नाही तिथलं काम थांबवायचं, असं मी सुचवलं. बोलताना मला माझाच अभिमान वाटत होता.

जत म्हणाला, ‘म्हणजे शिक्षा गटातल्या बायकांना. त्यांनी काय केलं?’

सरपंचांशी बोलू, गावात समतेचं शिबिर घेऊ, असं मी पुढं मांडायला लागले. त्यानं थांबवलं.

‘ताई, मला कुणाच्या घरात झोपायची हौस नाही. त्यांचं मन बदलेल तेव्हा बदलू दे. मला माझं पेट्रोल द्या आणि माझे वीस मार्क द्या.’

आमच्या सगळ्या चर्चेची गाडी गावाकडे तोंड करून उभी होती. त्यानं ती विश्रामबागेकडे वळवली. गावानं त्याला प्रश्न विचारला होता, पण पैसे गावानं कापले नव्हते. गावाच्या सोवळ्याला मार्क देण्याची सोय आम्ही केली होती आणि रकान्याला नाव दिलं होतं एकरूपता.

त्याच दिवशी त्यानं मसूरचा विषय काढला. त्याच्या गावाहून मसूर स्टेशन जवळच. बाबासाहेबांनी लिहून ठेवलेली आठवण त्या भागात पोराटोरांना माहीत असते. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून चार पोरं वडिलांना भेटायला निघाली. वडील दुष्काळी कामावर खजिनदार होते. पोरं मसूरला उतरली, नीटनेटके कपडे, डोक्यावर टोप्या. वडिलांचा माणूस आलाच नाही, कारण पत्र त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. स्टेशनमास्तर मायेनं चौकशी करत होता. पोरांनी जात सांगितली आणि तो तडक आपल्या खोलीत निघून गेला. एकही गाडीवान न्यायला तयार नाही. शेवटी तोड निघाली: भाडं दुप्पट, गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

ही गोष्ट मी भाषणात पुष्कळदा सांगितली आहे, पाण्यापाशी आवाज खाली आणून. जतला त्यातलं वेगळंच लागलं होतं. ‘त्यांना भाडं दुप्पट पडलं, ताई. गाडीही स्वतःच हाकायची. मला पेट्रोल.’

काकांनी मान हलवली. हिशेब त्यांना लगेच कळला.

ठरलं ते साधं. मुक्कामाची अट काढली. रात्री बैठक असेल तर मुक्काम किंवा परतीचा प्रवास, दोन्ही सारखेच ग्राह्य, आणि कारणाचा रकाना ठेवायचा नाही. कारण लिहायला लावलं, की पुन्हा ‘कुठले?’ आलंच. ‘गावाशी एकरूपता’ रद्द. त्या जागी गटातल्या बायकांची हजेरी आणि कर्जफेड.

४,३६१ रुपये परत करताना काका अडले. कोणत्या खात्याला टाकायचे? वर्ष बंद झालेलं, ऑडिट झालेलं. दोन दिवसांनी त्यांनी व्हाउचरवर लिहिलं, ‘मागील वर्षी चुकीने झालेल्या वसुलीचा परतावा.’ मेमो मागं घेतल्याचं पत्र माझ्याकडे होतं. पहिल्या मसुद्यात मी ‘गैरसमजातून’ असा शब्द घातला. जतनं तो शब्द पेननं गोल केला आणि विचारलं, ‘गैरसमज कुणाचा? माझा तर नव्हता.’ दुसऱ्या मसुद्यात तो शब्द काढला. तिसऱ्यात ‘दिलगिरी’ आली. आधीच्या दोन्हींत ती नव्हती, हे मलाही टाइप करताना कळलं.

फाउंडेशनला निवेदन गेलं ते माझं जुनंच, फुले-आंबेडकरांसकट. शेवटी एक ओळ जोडली, की आम्ही आमच्या अंतर्गत नोंदी तपासत आहोत. तक्ता जोडावा असं मी म्हटलं. मॅडमनी नको म्हटलं आणि मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. उत्तर आलं, तुमचं निवेदन फार हृद्य आहे.

कोण जाणार

हे एवढ्यावर थांबलं असतं तर लिहिण्यासारखं फार नव्हतं. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. आमचा पैसा पुण्याहून यायचा, तो एका फटक्यात बंद. डिसेंबरअखेर पाच माणसं कमी करायची, त्यातली चार क्षेत्रावरची, असं विश्वस्तांनी ठरवलं. निकष काय? आमच्याकडे तयार होता: मागच्या तीन वर्षांच्या मूल्यमापनाची सरासरी.

यादी काढली. तळाच्या चार नावांत तीन त्या चौघांपैकी. जत दहावा.

रकाना आम्ही रद्द केला होता तो पुढच्यासाठी. मागचे मार्क कागदावर तसेच होते. संकटात संस्था तयार कागदच हातात घेते. कुणी जात बघून यादी केली नव्हती, आणि यादी जशी यायची तशीच आली होती.

या वेळी माइक चालू ठेवला. वीस मार्क वगळून ऐंशीपैकी सरासरी काढा, एवढंच म्हटलं. विश्वस्त म्हणाले, ‘खेळ संपल्यावर नियम बदलायचे?’ प्रश्न वाजवी होता. मी सांगितलं, नियम चुकीचा होता हे आपण जुलैत लेखी मान्य केलंय, परताव्याच्या व्हाउचरवर तुमची सही आहे. काकांनी ते व्हाउचर कॅमेऱ्यासमोर धरलं. विश्वस्त बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बोर्डिंगात आम्ही एका पंगतीत जेवायचो. सुट्टीत कोण कुणाच्या घरी जायचं, ते मात्र आठवत नाही.’ फेरमोजणीला त्यांनी मान्यता दिली.

ऐंशीच्या हिशेबात जत चौथा आला. चौघांतले दोघे तरीही गेले. त्यांची कर्जफेडीची आकडेवारी खरंच कमी होती. आणि महांकाळ तिसऱ्यावरून आठव्यावर आला, म्हणजे बाहेर.

तो मला भेटायला आला. उंबऱ्यातच उभा राहिला, मास्क लावून. ‘ताई, वर्षाला शंभर-सव्वाशे रात्री मी पोरांपासून लांब काढल्या. तुम्हीच सांगितलं गावात झोप. झोपलो. हा माझा गुन्हा झाला का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम चुकीचा ठरला तरी त्यानं तो प्रामाणिकपणे पाळला होता, आणि त्याच्या जागण्याचे मार्क आम्ही एका दुपारी पुसले होते. त्याला सहा महिन्यांचा पगार द्यावा असं मी मांडलं, तीन मंजूर झाले. पुढं तो एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात लागला. बाजारात दिसला तर नमस्कार करतो, थांबत नाही. जतला हे सगळं माहीत आहे. मजकूर वाचून त्यानं सांगितलेली एक दुरुस्ती इथलीच. मी आधी महांकाळबद्दल ‘त्याला जातीचा फायदा मिळाला’ असं वाक्य लिहिलं होतं. जत म्हणाला, ‘फायदा मिळाला हे खरं, पण त्यानं मागितला नव्हता, तेही लिहा.’

डिसेंबर २०२० मध्येच राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. जुलै २०२१ मध्ये सांगलीत पुन्हा पूर आला तेव्हा आमच्या मदतीच्या फॉर्मवर वस्तीचं नवं नाव छापलेलं होतं. ते बघून एका गावचा कोतवाल म्हणाला, ‘हे समतानगर कुठं आलं?’ जतनं हातानं दाखवलं.

नोव्हेंबर २०२१

बैठका पुन्हा सुरू झाल्या होत्या. पूर्व जतेतल्या एका गावात बारा गटांची एकत्र बैठक ठेवली आणि मी स्वतः गेले. सगळी बैठक जतनं कन्नडमध्ये चालवली. बायका हसत होत्या, त्याला उलट बोलत होत्या. मला चार शब्द कळत होते. पावणेअकरा झाले. थंडी पडायला लागली होती.

सरपंचबाई माझ्यापाशी आल्या. ‘ताई, आता सांगलीला कुठं जाता? अंथरूण घातलंय. राहा.’ मग त्याच्याकडे बघून, तितक्याच आपुलकीनं, ‘ते काय, गाडीवाले आहेत, जातील.’

ऑफिसची जीप दुपारीच परत गेली होती. दोन दिवस कंबर धरली होती. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मफलर कानावरून गुंडाळून घेतला होता आणि किल्ली हातात होती.

मी राहिले. जेवताना सरपंचबाईंनी विचारलं, ‘तुम्ही कुठल्या?’ तासगावकडच्या, म्हटलं. त्यांना तेवढं पुरलं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. उताराला लागेपर्यंत तो ऐकू येत होता.

सोमवारी टेबलावर दोन व्हाउचरं होती. माझं: मुक्काम एक. त्याचं: परतीचा प्रवास, ४३ किलोमीटर. कारणाचा रकाना नव्हता. दोन्हींवर मी सही केली.